डिस्क कुणाच्या ताब्यात?

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला, ‘साठवण’. कणगी, लोणच्याच्या बरण्या, हिंगणघाटच्या जिनिंगमधल्या रुईच्या गाठी यांवर लिहिणारे मिळतीलच असं धरून मी तळहाताएवढ्या काळ्या डबीचा विषय मागून घेतला. एक्स्टर्नल हार्ड डिस्क. वर्ध्यात कुठल्याही डीटीपीवाल्याच्या, फोटो स्टुडिओच्या किंवा करसल्लागाराच्या टेबलाचा खण उघडा, चार्जरच्या गुंत्यात अशी एखादी डबी निघतेच. लग्नांचे व्हिडिओ, संस्थांच्या स्मरणिका, जुने ताळेबंद, अर्धवट राहिलेले प्रबंध, सगळं तिच्यात. आणि मग एके दिवशी ती दिसेनाशी होते. टेबलावर असते, तिचा दिवाही लुकलुकत असतो, पण संगणक तिला ओळख देत नाही.

असा घोटाळा कुणाकडे जास्त होतो, हे विचारत फिरलो. पेनड्राइव्ह मोडला, वायर कुत्र्यानं चावली, असे किस्से भरपूर मिळाले. पण ज्यांच्याकडे डिस्क धडधाकट असूनही रोज रुसते, अशी मंडळी एकाच प्रकारची निघाली : मॅकच्या आत विंडोज चालवणारी.

मॅक आहे, मग विंडोज कशाला?

वर्धा हे काही मॅकचं गाव नाही. इथे संगणक म्हणजे विंडोज, आणि दुरुस्ती म्हणजे बजाज चौकाच्या आसपासचा ओळखीचा पोरगा. पण २०२० च्या टाळेबंदीत पुण्या-बंगळुरूच्या नोकऱ्या लॅपटॉपसकट घरी आल्या. डिझाइन आणि व्हिडिओ एडिटिंग करणारी पोरं मॅकवरच शिकलेली. पुढे मुलानं नवा मॅक घेतला की जुना वडिलांच्या दुकानात येतो, हेही बऱ्याच घरांत झालं. यंत्र चांगलं, बॅटरी दिवसभर टिकते, लाइट गेली तरी काम अडत नाही. अडतं ते मराठीपाशी.

विदर्भातला जुना मराठी मजकूर बराचसा युनिकोडपूर्व फॉन्टांत अडकलेला आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, हिंदीसाठी कृतिदेव. त्यांत टाइप केलेली पानं पेजमेकरच्या फायलींत बसलेली. गंमत अशी, की पेजमेकर जन्मला तो १९८५ साली मॅकवरच. पण आपल्याकडे तो आला आणि रुजला विंडोजवर. अडोबीनं २००१ ची सातवी आवृत्ती शेवटची काढली आणि विषय संपवला. आपल्या छापखान्यांनी मात्र तो संपू दिला नाही. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीची स्मरणिका पुन्हा छापायची म्हटली, की विंडोज लागतंच.

हिशेबनीसांचं कारण वेगळं. टॅली मॅकसाठी निघतच नाही. सेवाग्राम आणि सावंगी मेघे इथली वैद्यकीय महाविद्यालयं वर्ध्याच्या दोन बाजूंना. तिथे शिकणाऱ्यांपैकी कुणी साथरोगांच्या सर्वेक्षणासाठी एपी इन्फो वापरायचं ठरवलं, तर अमेरिकेच्या सीडीसीनं काढलेलं ते सॉफ्टवेअरही विंडोजवरच चालतं. म्हणजे हौस म्हणून मॅकमध्ये विंडोज घालणारे थोडे. बहुतेकांचा नाइलाज असतो.

पूर्वी हा नाइलाज सोपा होता. २००६ मध्ये ॲपलनं इंटेलचे प्रोसेसर घेतले आणि बूट कॅम्प दिलं. मॅक बंद करायचा, विंडोजमध्ये सुरू करायचा. त्या वेळी ते अस्सल विंडोजचं यंत्र व्हायचं आणि हार्ड डिस्क लावली की लागायची. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलचा स्वतःचा एम-१ प्रोसेसर आला आणि नव्या यंत्रांतून ती सोय गेली. आता उरला मार्ग आभासी यंत्राचा. मॅक चालूच राहतो आणि त्याच्या एका खिडकीत विंडोज चालतं. हे घडवणारी सॉफ्टवेअरं मोजकी : पॅरलल्स (हे पैसे मागतं), व्हीएमवेअर फ्यूजन (२०२४ पासून फुकट), यूटीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स. पॅरलल्समधून एम-१, एम-२ वर विंडोज ११ ची एआरएम (म्हणजे ॲपलच्या या प्रोसेसरांच्या जातीची) आवृत्ती चालवायला मायक्रोसॉफ्टनं फेब्रुवारी २०२३ मध्ये अधिकृत मान्यता दिली. तेव्हापासून ही वाट रीतसर झाली.

खिडकीतल्या त्या विंडोजला वाटतं, आपण एका स्वतंत्र यंत्रावर आहोत. त्याची सी ड्राइव्ह ही प्रत्यक्षात मॅकवरची एक भलीमोठी फाइल असते. पडदा, कीबोर्ड, इंटरनेट हे सगळं मॅक त्याला पुरवतो आणि ते बेमालूम चालतं. ही बेमालूमी उघडी पडते ती बाहेरून वायर जोडली की.

पुलगाव-आर्वीचा रूळ

आर्वी नाक्याकडच्या एका डीटीपीच्या दुकानात बसलो होतो. आश्विन चालू, दोन संस्थांचे अंक टेबलावर, दुकान चालवणाऱ्या ताईंना मान वर करायला फुरसत नाही. एक निवृत्त गुरुजी डिस्क घेऊन आले. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेची जुनी पानं त्यात होती. ताईंनी वायर मॅकला लावली. पडद्यावर एक छोटी पाटी आली आणि त्यांनी सवयीनं एंटर दाबलं. विंडोजची खिडकी उघडली, ‘धिस पीसी’मध्ये पाहिलं. काही नाही.

“काल तं माह्या पुतण्याच्या कम्प्युटरवर दिसत होती न, ताई,” गुरुजी म्हणाले.

“आताही दिसून राह्यली गुरुजी, पण मॅकमंधी. विंडोजले नाही भेटली ते.”

ताईंनी चुटकीसरशी सांगितलेली ही गोष्ट अनेकांच्या डोक्यात आयुष्यभर शिरत नाही. पुलगाव ते आर्वी ही आपल्या जिल्ह्यातली नॅरोगेज ज्यांनी पाहिली आहे त्यांना लगेच कळेल : एकेरी रूळ, त्यामुळे एका वेळी एकच गाडी. यूएसबीची डिस्कही तशीच. ती एक तर मॅकच्या ताब्यात असते किंवा विंडोजच्या. दोघांनाही एकदम तिच्यावर लिहू दिलं, तर कोणती फाइल कुठे ठेवली याच्या दोन वेगवेगळ्या वह्या तयार होतील आणि दोन्ही खोट्या ठरतील. म्हणून आभासी यंत्र चालवणारं सॉफ्टवेअर आधीच विचारतं : ही वस्तू कुणाला देऊ? ताईंनी न वाचता एंटर दाबला तो याच प्रश्नावर.

पाटीवर मॅक आणि विंडोज असे दोन पर्याय असतात आणि खाली एक छोटा चौकोन : ‘हे लक्षात ठेव.’ माझ्या मते निम्मी भांडणं या चौकोनापासून सुरू होतात. एकदा घाईत त्यावर खूण पडली, की ती डिस्क पुढे कायम एकाच बाजूला जाते आणि पाटी पुन्हा येत नाही. सहा महिन्यांनी कुणालाच आठवत नाही की हे आपणच सांगितलं होतं. पॅरलल्सच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइसेस’ या भागात अशा कायमच्या नेमणुकांची यादी असते. तिथली ओळ काढून टाकली की प्रश्न परत विचारला जातो. तात्पुरतं काम असेल तर वरच्या ‘डिव्हाइसेस’ मेनूत यूएसबीच्या यादीत डिस्कच्या नावावर क्लिक करायचं. फ्यूजनमध्ये हीच यादी ‘व्हर्च्युअल मशीन’ मेनूत आहे. डिस्क विंडोजला दिली की मॅकच्या डेस्कटॉपवरून तिचं चित्र नाहीसं होतं. ते पाहून घाबरून वायर ओढणारे लोक आहेत. ओढू नका, ते तसंच व्हायला हवं.

गुरुजींची डिस्क ताईंनी विंडोजला दिली. तरीही ‘धिस पीसी’त काही आलं नाही. मग त्यांनी स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडलं. खालच्या भागात डिस्क होती, निळी पट्टीही होती, फक्त तिला अक्षर नव्हतं. विंडोजमध्ये डिस्कला ई, एफ, जी असं अक्षर मिळाल्याशिवाय ती फाइल एक्सप्लोररमध्ये उमटत नाही. कधी मॅकच्या सामायिक फोल्डरांनी ते अक्षर आधीच बळकावलेलं असतं, कधी जुन्या एखाद्या डिस्कची नोंद आड येते. पट्टीवर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर’, एक मोकळं अक्षर. पानं उघडली. मुखपृष्ठावरच्या शाळेच्या फोटोत गुरुजी काळ्या मिशांत उभे होते.

एनटीएफएस, एपीएफएस आणि मधला एक्सफॅट

ताबा कुणाला द्यायचा हे ठरवायला डिस्क कशी फॉरमॅट केलेली आहे ते कळायला हवं. विंडोजवाल्या घरातून आलेली मोठी डिस्क बहुधा एनटीएफएस असते. मायक्रोसॉफ्टनं ही पद्धत १९९३ मध्ये आणली. मॅक ती वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. मॅकवाल्याची डिस्क असेल तर एपीएफएस (२०१७ पासूनची) किंवा त्याआधीची मॅक ओएस एक्स्टेंडेड. या दोन्ही विंडोजला मुळीच वाचता येत नाहीत. तिसरी एक्सफॅट, ती दोघांनाही चालते. जुने पेनड्राइव्ह फॅट-३२ चे. तेही दोघांना चालतात, मात्र ४ जीबीहून मोठी एकही फाइल घेत नाहीत. लग्नाचा अखंड व्हिडिओ ‘जागा असूनही’ कॉपी का होत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

हिंगणघाटचा एक फोटोग्राफर भेटला. त्याची तक्रार फार बोलकी होती. अल्बम डिझाइनचं त्याचं सॉफ्टवेअर विंडोजवरचं, बाकी काम मॅकवर. डिस्क एनटीएफएस. पॅरलल्समध्ये मॅकच्या डिस्का विंडोजला सामायिक करायची सोय आहे; ती चालू असल्यामुळे त्याला विंडोजमध्ये डिस्क दिसत होती, फोटो उघडत होते. सेव्ह करायला गेला की नकार.

“विंडोजची डिस्क, विंडोजच चालू, अन् विंडोजच म्हणते परवानगी नाही. काहून?”

कारण ती डिस्क विंडोजकडे नव्हतीच. ती मॅकच्या ताब्यात होती आणि मॅक तिला फक्त वाचू शकत होता. सामायिक वाटेनं विंडोज जे पाहतं ते मॅकच्या डोळ्यांनी पाहतं, आणि मॅकच्या मर्यादाही सोबत येतात. विंडोजमध्ये त्या डिस्कचा पत्ता पाहिला असता तर दोन तिरप्या रेघांनंतर ‘मॅक’ असं लिहिलेलं दिसलं असतं. अक्षराऐवजी असा पत्ता दिसला, की समजावं ती नेटवर्कवरची डिस्क म्हणून आलेली आहे. तिच्यावर विंडोजची चेक-डिस्क ही तपासणी चालत नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती येत नाही आणि काही जुनी सॉफ्टवेअरं अशा पत्त्यावरून चालायलाच नकार देतात. त्या फोटोग्राफरनं डिस्क थेट विंडोजला दिली आणि त्याच क्षणी सेव्ह झालं.

उलटी गोष्ट जास्त धोक्याची. मॅकची डिस्क थेट विंडोजला दिली, तर विंडोज कधी मुकाट राहतं, आणि कधी नम्रपणे विचारतं : ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? सगळं पुसून टाकण्याची परवानगी इतक्या सौजन्यानं मागितली जाते, की माणूस हो म्हणून बसतो. मॅकही या बाबतीत धुतल्या तांदळाचा नाही. बिटलॉकरनं कुलूपबंद केलेली विंडोजची डिस्क त्याला लावली, की तो ‘ही वाचता येत नाही’ म्हणतो आणि ‘इनिशिअलाइझ’चं बटण पुढे करतो. दोन्ही पाट्यांचा अर्थ इतकाच, की विचारणाऱ्याला ही मांडणी कळत नाही. डिस्क बिघडली आहे असं त्यात कुणीही म्हटलेलं नसतं. दोन्ही ठिकाणी रद्द करा आणि ताबा बदला.

तेव्हा एनटीएफएस आणि बिटलॉकरवाली डिस्क थेट विंडोजला द्यायची. एपीएफएस किंवा जुनी मॅक पद्धत असेल तर डिस्क मॅककडेच ठेवून तिचं फोल्डर विंडोजला सामायिक करायचं. कोणती पद्धत आहे ते कळायला मॅकवर डिस्कच्या चित्रावर राइट क्लिक करून ‘गेट इन्फो’ पाहावं, ‘फॉरमॅट’ या शब्दापुढे लिहिलेलं असतं. एवढं एक पाहण्याची सवय लागली तर दुकानदारांचा बराचसा धंदा बसेल.

एक्सफॅटला सगळे सुवर्णमध्य मानतात. मी तितका भक्त नाही. तिच्यात लिहिण्याआधी नोंद ठेवायची सोय नाही, जी एनटीएफएस आणि एपीएफएस या दोन्हींत आपापल्या परीनं आहे. लिहिता लिहिता वायर निघाली की एक्सफॅट जास्त जखमी होते. मग पुढच्या वेळी मॅकला लावल्यावर ती काही मिनिटं उमटतच नाही, कारण मॅक मागच्या मागे तिची तपासणी करत असतो. डिस्क मोठी असेल तर हे खूप वेळ चालतं. माणूस वैतागतो, वायर काढतो, पुन्हा लावतो, आणि तपासणी परत पहिल्यापासून. अशा वेळी चहा प्यायला जावं.

एक्सफॅटची अजून एक तक्रार स्टुडिओवाल्यांकडून ऐकली : “मॅकला लावली का व्हायरस येते.” प्रत्येक फोटोमागे टिंब आणि अधोरेषेनं सुरू होणारी एक चिमुकली फाइल विंडोजमध्ये दिसते. तो व्हायरस नाही. मॅक आपली जास्तीची माहिती अशा डिस्कवर वेगळ्या फायलींत ठेवतो, मॅकमध्ये त्या लपलेल्या राहतात, विंडोजमध्ये उघड्या पडतात. पुसल्या तरी फोटोंना काही होत नाही. खरा व्हायरस दुसरा : झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले असतात. तो पेनड्राइव्ह मॅककडे असेपर्यंत त्याची मात्रा चालत नाही. विंडोजच्या ताब्यात दिला आणि त्या शॉर्टकटवर डबल क्लिक केलं, की आभासी असलं तरी ते विंडोजच. त्याला लागण होते. आणि मॅकचं सगळं होम फोल्डर विंडोजला सामायिक केलेलं असेल तर तिथल्या फायलीही त्याच्या टप्प्यात येतात. सामायिक करायचं ते कामापुरतं एकच फोल्डर.

‘शेतकऱ्यां’मधला ऱ

हा घोटाळा मराठी माणसाला हमखास भेटतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. समाजकार्याचा एक विद्यार्थी आर्वी तालुक्यातल्या मुलाखती मॅकच्या जुन्या डिस्कवर ठेवत होता. फोल्डरचं नाव ‘शेतकऱ्यांच्या मुलाखती’. विंडोजमध्ये ते फोल्डर डोळ्यांना दिसत होतं, पण शोधाच्या चौकटीत ‘शेतकऱ्यांच्या’ टाइप केलं की काहीच सापडत नव्हतं. ‘मुलाखती’ टाइप केलं की लगेच हजर.

युनिकोडमध्ये ‘ऱ’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक अख्खं स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्याच्याखाली नुक्ता अशी जोडी म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच. मॅक ओएस एक्स्टेंडेड ही जुनी पद्धत फायलींची नावं साठवताना अशी अक्षरं फोडून ठेवते. एनटीएफएस तसं काही करत नाही, मिळालं ते नाव जसंच्या तसं ठेवते आणि या दोन रूपांना वेगवेगळी नावं मानते. फोडलेलं नाव न जुळवता पलीकडे पोचलं, की कीबोर्डवरून टाइप केलेला अख्खा ‘ऱ’ त्याच्याशी जुळत नाही. एकाच फोल्डरात अगदी सारख्या नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी बसलेल्याही दिसू शकतात. ‘वऱ्हाडी’, ‘कोऱ्या’, ‘साऱ्या’, ‘दुसऱ्या’, सगळ्यांना हा धोका. हिंदीवाल्यांच्या वाट्याला हा ‘ऱ’ येत नाही, पण ‘ड़’, ‘ढ़’ अशा नुक्त्याच्या अक्षरांपायी ही खोडी त्यांनाही भेटते. उपाय गावठी आहे पण पक्का : मॅक आणि विंडोज अशा दोन्हीकडे फिरणाऱ्या फायलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांत ठेवावीत. मजकूर मराठी, नाव साधं. नाव मराठीच हवं असेल तर फाइल एनटीएफएस डिस्कवर आल्यावर विंडोजमध्ये एकदा पुसून नव्यानं टाइप करावं.

वायर, हब आणि मे महिना

सगळं सॉफ्टवेअर तपासून झाल्यावर दोष वायरीत निघतो, असंही होतं. टाइप-सीच्या स्वस्त वायरींपैकी काहींत फक्त चार्जिंगच्याच तारा असतात. दिवा लागतो, डिस्क गरगरते, माहिती एक बिटही जात नाही. दुसरी अडचण हबची. फिरती तबकडी असलेल्या छोट्या डिस्कला वीज यूएसबीतूनच लागते. यूएसबी २ चं पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९००. बिनअडॅप्टरच्या हबवर डिस्क, माउस आणि पेनड्राइव्ह असे तिघं बसवले, की डिस्क फिरायला लागते आणि दम तुटून थांबते. विंडोजमध्ये ती येते-जाते, येते-जाते असं दिसतं. डिस्क सरळ मॅकला लावून पाहणं हा पहिला उपाय.

ॲपलच्या प्रोसेसरवाल्या लॅपटॉपांत मॅकओएसच्या २०२२ च्या व्हेंचुरा आवृत्तीपासून आणखी एक पहारेकरी उभा आहे. नवी वस्तू लावली की मॅक विचारतो, हिला जोडू देऊ का? नाही म्हटलं तर विंडोजपर्यंत तिची बातमीही जात नाही. याशिवाय काढता येणाऱ्या डिस्का पाहायची परवानगी प्रत्येक सॉफ्टवेअरला वेगळी द्यावी लागते. पॅरलल्सला ती कधी नाकारली असेल, तर सामायिक फोल्डर रिकामंच दिसतं. सिस्टिम सेटिंग्जच्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये हे दोन्ही तपासावं. व्हर्च्युअलबॉक्सच्या जुन्या आवृत्त्या वापरणाऱ्यांनी एक्स्टेन्शन पॅक बसवला आहे का ते पाहावं. त्याशिवाय तिथे यूएसबी १.१ चाच वेग मिळतो आणि मोठी डिस्क ओळखण्यातच वेळ जातो. आणि आत विंडोज ७ असेल तर त्याला मुळातून यूएसबी ३ कळत नाही. आभासी यंत्राच्या सेटिंगमध्ये यूएसबी २ निवडलं की काम होतं.

मग आपला उन्हाळा. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकांत वापराचं तापमान बहुधा ३५ अंशांपर्यंत दिलेलं असतं. वर्ध्याचा मे ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये कूलर असूनही दुपारी तीनला लांबलचक कॉपी लावू नये, सकाळी लावावी.

लाइटचं प्रकरण मात्र फसवं आहे. मॅकला बॅटरी असल्यामुळे वीज गेली तरी तो चालूच राहतो आणि आपण निश्चिंत असतो. पण टेबलावरच्या मोठ्या, अडॅप्टरवर चालणाऱ्या डिस्कची वीज गेलेली असते. त्या क्षणी ती विंडोजच्या ताब्यात असेल, तर अर्धवट लिहिलेली फाइल तशीच लोंबकळते. अशा डिस्कला छोटा यूपीएस हवाच. लॅपटॉप आहे म्हणून यूपीएस नको, हा हिशेब इथे चुकतो.

याहून जास्त नुकसान झाकण मिटण्यानं होतं. संध्याकाळी मॅकचं झाकण लावलं, की आतलं विंडोज जागच्या जागी गोठतं. डिस्क त्याच्या ताब्यात होती, ते अजून तसंच समजून आहे. आपण डिस्क काढून घरी नेतो, दुसऱ्या संगणकावर चार फायली टाकतो, सकाळी परत लावतो. विंडोज जागं होतं ते कालच्या आठवणीसह, आणि त्या आठवणीवरून लिहायला लागतं. फोल्डरंच्या फोल्डरं उडालेली मी पाहिली ती याच प्रकारात. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे : आधी विंडोजमध्ये ‘सेफली रिमूव्ह’, मग यूएसबीच्या यादीतून डिस्क मॅककडे परत, मग मॅकमध्ये ‘इजेक्ट’, मग वायर. कधी मॅक म्हणतो डिस्क वापरात आहे. बहुधा मॅकची शोधयंत्रणा, स्पॉटलाइट, तिची सूची करत असते किंवा मागे एखादी फाइल उघडी असते. थोडं थांबावं, घाईच असेल तर मॅक बंद करून काढावी.

लॉक आणि टोकन

जुन्या पॅकेजचं हार्डवेअर लॉक किंवा डिजिटल सहीचं टोकनही यूएसबीलाच लागतं, त्यामुळे ताब्याचा नियम तोच. सही करायची वेबसाइट विंडोजमध्ये उघडली असेल तर टोकन विंडोजला द्या. पण एक भिंत अशी आहे की तिथे कितीही डोकं आपटून उपयोग नाही. एम मालिकेच्या मॅकमधलं विंडोज हे एआरएम जातीचं. जुनी इंटेलसाठीची सॉफ्टवेअरं ते नक्कल करून चालवतं, ड्रायव्हर मात्र नाही. ड्रायव्हर त्याच जातीचा लागतो. एखाद्या जुन्या मराठी पॅकेजच्या हार्डवेअर लॉकला किंवा डिजिटल सहीच्या टोकनला एआरएमचा ड्रायव्हर नसेल, तर डिस्क दिसेल, फाइल दिसेल, आणि सॉफ्टवेअर म्हणेल लॉक सापडत नाही. इथे माझा सल्ला सरळ आहे : जुना विंडोजचा संगणक फेकून देऊ नका. एका टेबलावर तेवढ्या कामाला ठेवा. डिजिटल सहीपुरतं बोलायचं, तर टोकनवाल्या कंपनीनं मॅकसाठी ड्रायव्हर दिला आहे का ते आधी पाहा; असेल तर विंडोजची गरजच सरते.

अख्खं विंडोजच बाहेरच्या डिस्कवर

कमी जागेचा मॅक घेतलेले लोक विंडोजची ती भलीमोठी फाइलच बाहेरच्या डिस्कवर ठेवतात. चालतं, पण अटी आहेत. एनटीएफएसवर ठेवता येत नाही कारण मॅक लिहीत नाही, फॅट-३२ वर ४ जीबीची मर्यादा आड येते. फिरत्या तबकडीवर ठेवली तर विंडोज बैलगाडीनं सुरू होतं. एसएसडी घ्यावी, एपीएफएसमध्ये फॉरमॅट करावी, आणि विंडोज चालू असताना तिच्या वायरीला हात लावू नये. ती वायर ओढणं म्हणजे चालत्या संगणकातून हार्ड डिस्क उपसणं. डिस्कचं नाव बदललं तरी पॅरलल्स ‘यंत्र सापडत नाही’ म्हणतं. त्याला नवी जागा दाखवली की ते चालू होतं, नवं विंडोज टाकायची गरज नसते.

डिस्क खरंच आजारी असेल तर

आतून टकटक आवाज येत असेल, कॉपी करताना एकाच फाइलवर दरवेळी अडत असेल, तर आतापर्यंतचं सगळं विसरा. विंडोजचं चेक-डिस्क अशा डिस्कवर चालवू नये. ते दुरुस्तीच्या नावानं मरणाऱ्या तबकडीला आणखी पळवतं. आभासी यंत्र तर मधे नकोच. डिस्क सरळ मॅकला किंवा विंडोजच्या संगणकाला लावून जे महत्त्वाचं आहे ते आधी उचलावं, आवाज वाढला तर थांबवावं आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावी. आणि स्वस्तात मिळालेला दोन टीबीचा पेनड्राइव्ह फायली गिळत असेल, तर तो बहुधा खोट्या क्षमतेचा असतो. विंडोजवर एच-टू-टेस्ट-डब्ल्यू आणि मॅकवर एफ-थ्री ही फुकट साधनं त्याचं पितळ उघडं पाडतात. तपासताना पेनड्राइव्ह रिकामा असावा.

दिवाळीच्या साफसफाईत जुन्या डिस्का हाती लागतील. त्यांतलं एकुलतं एक असलेलं सगळं आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवा, आणि ती दुसरी डिस्क दुसऱ्या घरात ठेवा. मग विंडोज मॅकमध्ये असो की टेबलावर, ‘फॉरमॅट करू का’ असं त्यानं विचारलं की ‘कॅन्सल’ दाबा, आणि डिस्क कुणाच्या ताब्यात आहे ते पाहा.